बॅरोनेसचा तिसरा मुलगा

बेडोक,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

"स्वतःच्या आईला काकू म्हणायला मला तीन दिवस लागले." अप्पा हे वाक्य आपल्यासमोर एकदाच बोलले. तू दहावीत होतास, मी सातवीत. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना सख्ख्या चुलत्यांनी दत्तक घेतलं. घर तेच राहिलं, माणसं तीच राहिली, फक्त जेवताना त्यांचा पाट दुसऱ्या रांगेत गेला आणि आईची काकू झाली. एवढं सांगून अप्पा उठले आणि चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती. तेव्हा आपण दोघे हसलो होतो.

काल तुझ्याकडे जेवताना तू पापड मोडत म्हणालास, "उल्के, मी दत्तक जातोय." आम्ही सगळे पुन्हा हसलो. तुझी जाई म्हणाली, "पपा सो ओल्ड ऑलरेडी, हू वाँट यू लाह?" माझ्या नवऱ्याला, सुबोधला, ठसका लागला. वहिनी म्हणाल्या, "अहो, नीट सांगा ना त्यांना." मग तू फोनवर सात मोती असलेल्या मुकुटाचं चित्र दाखवलंस, आणि म्हणालास की हा आता आपला. त्यानंतर तू बाईंचं नाव सांगितलंस.

मी फोडणीचं वरण तसंच ताटात ठेवून उठले, ते ॲसिडिटीमुळे नाही.

ॲडेलहाइड फॉन ऑर्टेनराइड. दोन वर्षांपूर्वी तूच मला म्हणाला होतास, "एका क्लायंटची आत्या आहे, जर्मनीत वृद्धाश्रमात एकटीच असते. महिन्यातून एक पत्र लिहायचं. मला असलं हळवं लिहिता येत नाही, तू लिही, सही मी करेन." मी लिहिलं. चोवीस पत्रं लिहिली. तिच्या उत्तरांचे फोटो तू मला पाठवायचास, कधी कधी मीटिंगमधून, बरेचदा अंगठ्यासकट.

ही तीच बाई आहे का? आणि तसं असेल तर माझी पत्रं कशासाठी होती?

फोनवर विचारलं की तू हसतोस आणि माझं बोलणं तिथेच संपतं. म्हणून लिहिते आहे. तूही लिहूनच सांग.

उल्का


रॅफल्स प्लेस, ऑफिसातून
११ फेब्रुवारी

प्रिय उल्के,

तू एवढं गंभीर करशील असं वाटलं नव्हतं. बस, समजावून सांगतो.

पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीचा सम्राट गेला. एकोणीसशे एकोणीस साली त्यांनी सरदारकी रद्द केली. खास हक्क, मान, सगळं संपलं. पण किताब मात्र आडनावाचा भाग म्हणून राहू दिला. म्हणजे फ्रायहेर, आपल्या भाषेत बॅरन, ही आता पदवी नाही, आडनाव आहे. आणि आडनाव मुलाला मिळतं. मुलगा दत्तकही चालतो, आणि त्याचं वय पन्नास असलं तरी चालतं. सगळं कायदेशीर आहे. अप्पांच्या वेळेसारखं यात काही तुटत नाही, आईवडील तेच राहतात, हे मी वकिलाला मुद्दाम विचारून घेतलं आहे.

एजंटने एक पीडीएफ पाठवली होती. तीन घराणी, प्रत्येकाची वंशावळ, चिन्ह, आणि हयात व्यक्तीची माहिती. तिघींत हिचं वय सगळ्यांत जास्त होतं, शिवाय जवळचं कुणी नाही. मी हिला निवडलं. फक्त एक अडचण होती. तिथलं कोर्ट म्हणतं, नुसत्या नावासाठी दत्तक जाता येत नाही, आई-मुलासारखं नातं आधीपासून असायला हवं. त्याचा पुरावा म्हणजे तुझी पत्रं. उल्के, वकील म्हणाला की असा पत्रव्यवहार त्याने वीस वर्षांत पाहिला नाही!

आता हसू नकोस, पण मला हे का हवं आहे तेही सांगतो. दोन हजार एक साली, या देशात नवीन असताना, वुडलँड्सला घर भाड्याने शोधत होतो. अकरा फोन केले. "नो इंडियन्स. यू ऑल कुक." बाराव्या बाईला मी नाव निक सांगितलं. ती किल्ली घेऊन खाली आली, मला लिफ्टपाशी बघितलं आणि त्याच लिफ्टने परत वर गेली.  चोवीस वर्षं झाली, मी आता त्या बाईचा अख्खा ब्लॉक विकत घेऊ शकतो, पण अजून कुठल्याही क्लायंटच्या खोलीत शिरताना मला ते लिफ्टचं दार आठवतं. फ्रायहेर फॉन ऑर्टेनराइडला बघून कुणी लिफ्टने परत जात नाही.

दोन कामं आहेत. एक, बहीण म्हणून तुझं निवेदन हवंय. बॅरोनेस मला मुलासारखी मानते आणि आपल्या कुटुंबाला आनंद आहे, एवढंच. मसुदा त्या पीडीएफसोबत जोडला आहे, नुसती सही कर. दोन, सुनावणी १४ मेला आहे. न्यायाधीश आम्हा दोघांना प्रश्न विचारतील. मी पत्रात काय काय लिहिलंय याचे मुद्दे काढून दे. दोन पानांत बसव, विमानात वाचेन.

दादा


बेडोक,
२३ फेब्रुवारी

दादा,

बारा दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. माझ्याकडे माझ्या मराठी मसुद्यांची वही आहे आणि तिच्या उत्तरांचे तुझे फोटो.

तुझी पीडीएफही पाहिली. एकाच ओळीत तिचं घराणं, तिचं वय आणि पुढे "प्रकृती: नाजूक". तिथे हिरवी खूण केलेली आहे. ती खूण तू केलीस की एजंटने, हे मला कळून घ्यायचं नाही. मी लॅपटॉप बंद केला आणि साबणाने हात धुतले. कागदाला हात लावला नव्हता, तरी धुतले.

वुडलँड्सची गोष्ट मला माहीत होती, लिफ्टची माहीत नव्हती. ती वाचून मला रडू आलं आणि मग तुझाच राग आला. त्या बाईच्या नजरेत तू नव्हतास, म्हणून आता तिच्या नजरेसाठी तू स्वतःला खोडणार?

तुला मुद्दे हवेत. कुठले देऊ? तुझ्या नावाने मी काय काय लिहिलं ते तुला ठाऊक तरी आहे का? बेडोकच्या मार्केटातला तो म्हातारा अंकल, जो कोपी कॉफीचे दोन कप घेतो आणि एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवतो, त्याच्याबद्दल लिहिलं. माझ्या निहारला डेंग्यू झाला तेव्हाची भीती लिहिली, फक्त निहारच्या जागी जाईचं नाव घातलं. आई गेली त्या रात्रीबद्दल लिहिलं. "मी तिचे पाय चेपत होतो आणि कधी थंड झाले ते मला कळलं नाही." दादा, तू तेव्हा झ्युरिकला होतास. पाय माझ्या हातात होते. मी ते "होतो" करून तुला देऊन टाकले, कारण त्या बाईला कुणीतरी खरं सांगावं असं मला वाटलं आणि नाव कुणाचं आहे याने काय फरक पडतो, असंही वाटलं. ती माझी चूक. तिची मला तुझ्या पीडीएफइतकीच शिसारी येते.

मागच्या भाद्रपदात तिने विचारलं होतं, तुमच्याकडे मूल दत्तक का घेतात? मी लिहिलं, पितृपक्षात कुणीतरी पाणी सोडताना आपलं नाव घ्यावं म्हणून. तिचं उत्तर आलं: "मग तुमचं उलट आहे. आमच्याकडे नाव न्यायलाच येतात." मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, मन भरून आलं असेल. मी लिहिलं, "मी तुमचं नाव घेईन." आता ते वाक्य कोर्टाच्या फायलीत आहे. परिशिष्ट एकोणीस, तुझ्या वकिलाच्या यादीप्रमाणे.

मी निवेदनावर सही करणार नाही. आणि तिला खरं काय ते लिहिणार आहे.

उल्का


नोव्हेना,
२५ फेब्रुवारी

उल्के,

काही लिहू नकोस. आधी हे वाच.

तुझी बॅरोनेस काही देव्हाऱ्यातली मूर्ती नाही. एजंटने काल सांगितलं, तिचे आधीच दोन दत्तक मुलगे आहेत! एक मोटारींचा व्यापारी, दुसरा दात बसवणारा डॉक्टर. दोघांनी तिचं नाव घेतलं, तिने पैसे घेतले, संपलं. एकाने म्हणे आपल्या दवाखान्याच्या काचेवर मुकुट काढलाय. "नाव न्यायला येतात" म्हणजे काय ते आता कळलं? तू उगाच डोळे पुसत बसलीस. ती पक्की दुकानदारीण आहे, मी गिऱ्हाईक आहे, यात कुणाची फसवणूक आहे?

आणि खरी बातमी तर पुढेच आहे. तिने माझे पैसे नाकारले! एजंट थक्क झालाय. म्हणाली, "हा तिसरा आहे तो विकत घेणारा नाही. हा मुलगा आहे." उल्के, तुझ्या पत्रांनी काय करून ठेवलं! एजंटचं कमिशन सोडून सगळं फुकटात पडलं. तुझी वहिनी म्हणते तुला मोठी पार्टी द्यायला हवी. तिने टॉवेलवर ते सात मोती भरायला दिलेत, दोन सेट तुझ्यासाठी. जाई मात्र वेड्यासारखं वागते. शाळेत कुणाला सांगितलं तर मी घर सोडून जाईन म्हणाली. वय आहे.

आईच्या पायांचं ते मुद्द्यांत नक्की घाल. तारीख आणि हॉस्पिटलचं नावही. न्यायाधीश बाई आहेत, त्यांना भिडेल.

आणि सही राहू दे. वकील म्हणतो, पत्रं आहेत तोवर निवेदनाशिवायही चालेल.

दादा


बेडोक,
३० मार्च, गुढीपाडवा

दादा,

टॉवेल मिळाले. वहिनींना सांग, गरज नव्हती. एक मी शेजारच्या मिसेस टॅनना दिला, त्यांना मोती फार आवडले. दुसरा अजून पिशवीत आहे. मला त्याने तोंड पुसवणार नाही.

तुझ्या पत्रातल्या पायांच्या ओळीपाशी मी थांबले. ती पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही. आईचे पाय मी तुला एकदा दिले, ते चुकलंच. पण तू ते परत करायच्या ऐवजी त्यावर हॉस्पिटलचं नाव लिहून मागतोस. याच्यापुढे तुझ्यावर रागावणंही मला कमीपणाचं वाटतं. सुबोध म्हणाला, "जाऊ दे ना उल्का, तुझा भाऊ आहे." मी म्हटलं, "मे महिन्यापर्यंत."

मी तिला लिहिलं. पहिल्यांदाच माझ्या नावाने. सगळं सांगितलं. पत्रं माझी होती, डेंग्यू माझ्या मुलाला झाला होता, आईचे पाय माझ्या हातात होते, आणि माझ्या भावाने तुम्हाला तुमचं वय बघून निवडलं. पत्र पेटीत टाकल्यावर मी बेडोक रिझर्व्हायरला दोन फेऱ्या मारून घरी आले. वाटलं, बाई कोसळेल. तिला काही झालं तर ते माझ्या माथी. मग वाटलं, तिला बरं वाटेल, निदान लिहिणारी कोण होती ते कळेल. खरं सांगू? मला वाटलं होतं ती मला लिहील. मला.

तिने लिहिलंही. काल आलं. तिचं इंग्रजी जुनं आणि ताठ आहे, मराठीत तसं उतरत नाही, तरी देते:

"प्रिय मॅडम, आपलं पत्र मिळालं. आपण उगाच व्याकूळ झालात. आमच्या घरात पत्रं नेहमी सोबतीला ठेवलेली बाईच लिहायची. माझ्या आईची माझ्या वडिलांना गेलेली पत्रंसुद्धा तिच्या सोबतीची फ्रॉइलाइन लिहायची, आणि ती पत्रं फार सुंदर होती. पत्र कोण लिहितो याला महत्त्व नसतं, सही कुणाची ते पाहायचं असतं. आपल्या भावाला सुनावणीस गडद सूट घालायला सांगावं. आपलं इंग्रजी स्वच्छ आहे. त्यांच्या नावाने लिहीत राहिलात तर माझी हरकत नाही."

मी ते उभ्यानेच वाचलं. सोबतीला ठेवलेली बाई! दोन वर्षं मी तिच्यापुढे माझ्या पोटातलं उघडून ठेवलं आणि ती मला फ्रॉइलाइनच्या खोलीत नेऊन बसवते. तिने एकदा लिहिलं होतं, गावातली माणसं तिच्या आजोबांच्या कोटाच्या बाहीचं चुंबन घ्यायची, हाताचं घ्यायची मुभा फक्त कारभाऱ्याला होती. ते वाचून मला तेव्हा घाण वाटली होती. ती मी गिळली आणि उत्तरात "किती वेगळा काळ होता" असं लिहिलं. सभ्यपणे. लहानपणी मिरजेला धुणं धुणाऱ्या यमुनाबाईंचा कप आपण खिडकीबाहेरच्या कोनाड्यात ठेवायचो, तेही मी तिला कधी लिहिलं नाही. म्हणजे मीही निवडूनच खरं सांगत होते. बाईला माझ्यात माझी जागा बरोबर दिसली असणार.

आणि सगळ्यांत वाईट ते अजून सांगितलेलं नाही. तिचं पत्र वाचून तासाभराने मी टेबलाशी बसले होते. कागद समोर होता. "प्रिय बॅरोनेस" एवढं लिहून झालं होतं. माझ्या हातून ते आपोआप लिहिलं गेलं. तुझ्या नावाने का होईना, तिच्याशी बोलायला मिळेल, एवढ्यासाठी मी ते लिहिलं. निहार पाणी प्यायला उठला, म्हणाला, "ममा, हू यू रायटिंग टू?" मी कागद उलटा केला. सोळा वर्षांच्या मुलापुढे मी कागद उलटा केला, दादा. मग फाडला.

म्हणून आता या प्रकरणात माझ्याकडून एक अक्षर येणार नाही. तुझ्या नावाने नाही आणि माझ्याही नाही.

पण तिच्या पत्राला ताजा कलम आहे. तोही सांगते, आणि मग थांबते. सहीच्या खाली, वेगळ्या शाईत:

"दुसऱ्या पत्रात मला विचारलं होतं की माझ्या खोलीची खिडकी उत्तरेकडे आहे का, आणि सकाळी माझ्या अंगावर ऊन येतं का. या घरात अकरा वर्षं मी आहे, हे मला कुणी विचारलेलं नाही. ते त्यांनी विचारायला सांगितलं होतं का? एवढंच कळवावं."

वरची सगळी ताठ वाक्यं तिने एका दमात लिहिली असतील. हे एक वाक्य लिहायला तिने पेन बदललं. दोन मुलगे पाहिलेली, पैसे मोजून घेतलेली, बाहीचं चुंबन घ्यायला लावणाऱ्यांच्या घरातली ही बाई आपल्या खिडकीच्या उन्हाबद्दल एक शहानिशा करून घ्यायला बसली आहे. तिच्याबद्दल मला वाटणारी किळस जात नाही. पण ते वाक्य वाचल्यावर ती तिच्या एकटीवर टाकून देता येत नाही.

मी तिला उत्तर दिलेलं नाही. "नाही, मीच विचारलं होतं" हे माझ्याकडून कळलं तर ते पुन्हा एका नोकराणीचं बोलणं होईल. ते उत्तर तुझ्याकडे आहे.

तर माझं एक मागणं आहे. चौदा तारखेला सकाळी तुम्ही दोघं कोर्टात जाल. तू तेराला पोचशील, एजंट हॉटेलवर न्यायला येईल. त्याला पाठव परत. वृद्धाश्रमात एकटा जा. तिच्या खोलीत बस, खिडकीकडे बघ, ऊन येतं का ते बघ, आणि तिला तोंडाने सांग की हे मी विचारलं नव्हतं, मला ठाऊकही नव्हतं. त्यानंतरही तिला तू मुलगा म्हणून हवा असशील तर खुशाल जा कोर्टात, मी त्या मुकुटाच्या टॉवेलने तोंड पुसेन.

तू जाणार नाहीस. वकील म्हणेल, आदल्या दिवशी काही बोलू नका. तुला ते पटेल. तुझं उत्तर मला इथे बसून वाचता येतं, तरी विचारते आहे. जाशील?

उल्का